दहा हजार सोंगट्या

९ जानेवारीला विचारणा आली आणि ३० मेला शेवटचं खोकं घराबाहेर गेलं. मधल्या पावणेपाच महिन्यांत मला कोणी काही विचारलं की मी आकड्यांतच उत्तर द्यायचे, असं घरचे सांगतात. कोणी पहिल्यांदाच लाकडाच्या छोट्या कातीव वस्तूंची मोठी ऑर्डर घ्यायच्या बेतात असेल तर उपयोगी पडावं, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते.

काम वरकरणी सोपं होतं. पटावरचा एक नवा खेळ तयार करणाऱ्यांना सोंगट्या हव्या होत्या: उंची २४ मिलिमीटर, तळ १६ मिलिमीटर, मध्ये बारीक मान, वर गोल डोकं. चार रंग, प्रत्येकी २,५००. मी सहा-सात वर्षं हौसेनं लेथवर वाट्या, लाटणी, भोवरे करते. त्याच संध्याकाळी पाच सोंगट्या कातल्या, पॉलिश पेपर मारला, मेण चोळलं आणि १२ तारखेला पाठवून दिल्या. त्यांना आवडल्या. मग मी हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. एका सोंगटीला मला चार मिनिटं लागली होती. दहा हजारांना ४०,००० मिनिटं, म्हणजे ६६७ तास. रोज आठ तास धरले तर ८३ दिवस, तेही धार न लावता, चहा न पिता आणि एकही नग वाया न घालवता. शिवाय पाचांपैकी दोन सोंगट्या शेजारी ठेवल्या तर त्या बहिणी वाटत होत्या, जुळ्या नाही.

२१ जानेवारीला ड्रॉइंगचा फॉर्म आला. प्रत्येक मापासमोर टॉलरन्सचा, म्हणजे माप किती कमी-जास्त झालं तरी चालेल याचा, रकाना मलाच भरायचा होता. मी मोठ्या तोऱ्यात ±०.१ मिलिमीटर लिहिलं. धातूवर काम करणारे लिहितात, मग आपण का नाही? रात्री झोप लागेना म्हणून लाकडाच्या आकसण्याचे तक्ते काढले. बीचचं लाकूड ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्षवलयांच्या दिशेनं साधारण १२ टक्के आकसतं आणि वलयांना आडव्या दिशेनं साडेपाच टक्क्यांच्या आसपास. हे आकसणं ओलावा २८–३० टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच सुरू होतं. म्हणजे माझी १६ मिलिमीटरची सोंगटी १२ टक्के ओलाव्यावरून ८ टक्क्यांवर आली, तर एका बाजूनं पाव मिलिमीटरहून थोडी जास्त आणि दुसऱ्या बाजूनं जेमतेम ०.१३ मिलिमीटर बारीक होणार. मी हातही न लावता तिची गोलाई जाणार. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड १२ टक्क्यांजवळ स्थिरावतं आणि ५० टक्के असेल तर ९ च्या आसपास. एवढा फरक एका घरातल्या दोन खोल्यांतही पडू शकतो.

सकाळी माफी मागून ±०.३ लिहून पाठवलं, सोबत हा सगळा हिशेबही जोडला. उत्तर यायला ११ दिवस लागले. ते ११ दिवस मी ऑर्डर गेली असंच धरून चालले होते. गेली नव्हती. उलट त्यांनी विचारलं की पटावरचे खळगे किती मोठे ठेवायचे. तुम्हीही टॉलरन्सवर सही करण्याआधी एक नमुना आठवडाभर कोरड्या डब्यात आणि दुसरा ओलसर फडक्याजवळ ठेवून बघा, आणि दोन्ही दोन दिशांनी मोजा. त्याला पैसे पडत नाहीत.

त्याच दरम्यान मान ६ मिलिमीटरवरून ७ वर नेली. सहाची मान टेबलावरून पडली की मोडायची. मोडलेल्या सगळ्या नगांत लाकडाच्या धाग्यांची रेषा मानेतून तिरकी बाहेर पडत होती. सरळ रेषेच्या लाकडाची सहाची मानही टिकत होती, पण दहा हजारांत प्रत्येकीची रेषा सरळ असेल याची हमी मी देऊ शकत नव्हते. एक मिलिमीटर जाडी वाढवणं स्वस्त पडलं.

लाकूड कुठलं घ्यायचं, यावर मात्र फार डोकं खपवलं नाही. ओक, ॲश अशांत प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं असतात. एवढ्याशा डोक्यावर ती सुरकुत्यांसारखी दिसतात आणि टूल तिथं अडखळतं. बीच, मेपल, बर्च यांची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी. बीच सहज मिळत होतं, म्हणून बीच.

किती घ्यायचं हे कळायला कागदावर बरंच खोडाखोड झाली. आधी १९ मिलिमीटरचे चौकोनी दांडे कापायचे, त्यांच्या १७ मिलिमीटरच्या गोल काठ्या करायच्या, आणि त्या काठीवर १६ चा तळ कातायचा. करवतीचं पातं दर कापामागे ३ मिलिमीटर खातं. सोंगटी २४ मिलिमीटरची, पण तोडण्याच्या टूलची जाडी धरून काठीवर तिला २७ मिलिमीटर जागा लागते. एक मीटर काठीतून ३५ सोंगट्या, आणि पकडीसाठी उरलेला तुकडा वाया. दहा हजारांना २८६ काठ्या लागतात. मी ३४० चा बेत केला, म्हणजे ११,९०० नग. ही १९ टक्के जादा सोय मला तेव्हा चैन वाटली होती. गाठी, कडा, वाकलेले दांडे धरून पाव घनमीटर लाकूड आणलं, सुमारे १८० किलो. शेवटी सोंगट्या म्हणून पाठवलेल्या मालाचं वजन भरलं १९ किलो. बाकीचा भुसा, ढलप्या आणि पश्चात्ताप.

५ फेब्रुवारीला लेखी ऑर्डर आणि ३० टक्के आगाऊ रक्कम आली. १० तारखेला लाकूड आलं. ओलावा मापकावर १४ टक्के. मापकावर पूर्ण विश्वास नको म्हणून एक तुकडा तोलून १०३ अंश सेल्सिअसला भट्टीत ठेवला आणि वजन घटायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलला. जेवढं वजन घटलं त्याला कोरड्या वजनानं भागायचं. ओल्या वजनानं भागण्याची चूक मी पहिल्या वेळी केली आणि उगीच खूश झाले. खरा आकडा १४.६ निघाला.

फळ्या तशाच ठेवण्यापेक्षा ३८० चौकोनी दांडे आधीच कापून घेतले, कारण बारीक दांडा लवकर सुकतो. मध्ये पट्ट्या घालून थर रचले, वर वजन ठेवलं, टोकांना मेण लावलं. सहा दांड्यांवर खूण करून रोज सकाळी तेच सहा तोलायचे. वजन सलग चार दिवस हललं नाही तेव्हा, ८ मार्चला, थांबले. पंचवीस दिवस. बावीस दांडे केळ्यासारखे वाकले होते, आणखी काहींत आतली गाठ उघडी पडली. ३४० जेमतेम हाती लागले.

या पंचवीस दिवसांत करायला हवं होतं ते एक काम मी केलं नाही: रंगाच्या चाचण्यांना नमुने पाठवणं. पुढे ते चांगलंच नडलं.

मशीनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः सगळ्यात जास्त इथेच चाचपडले. छोटे कातीव नग मोठ्या संख्येनं करण्याचे मला तीन रस्ते दिसले. पहिला कॉपी लेथ: साच्यावरून एक बोट फिरतं आणि टूल त्याच्या मागे जातं. लांब पायांना, कठड्याच्या दांड्यांना छान, पण २४ मिलिमीटरच्या नगाला संथ. दुसरा पूर्ण स्वयंचलित लेथ: गोल काठी पोकळ स्पिंडलमधून (मशीनच्या फिरत्या दांड्यातून) आपोआप पुढे सरकते, आकाराचं टूल येतं, भोक हवं असेल तर ड्रिल येतं, तोडणारं टूल येतं, नग खाली पडतो. माझ्या संख्येला तो परवडणारा नव्हता. सेटिंग करणारा माणूसच दहा हजारांसाठी यायला तयार नव्हता. तिसरा रस्ता मधला: जुना कॅपस्टन लेथ. मुळात धातूचं मशीन, पण पोकळ स्पिंडल, काठी पकडणारी, हॅण्डलनं उघडझाप होणारी कॉलेट, पुढच्या स्लाइडवर एक टूल, मागच्या स्लाइडवर दुसरं, आणि प्रत्येक हालचाल ठरल्या जागी अडवणारा स्टॉप. हात काय करतो यावर माप अवलंबून राहत नाही, स्टॉप कुठे आहे यावर राहतं. ओळखीच्या एका काकांच्या शेडमध्ये असं मशीन पडून होतं. महिन्याच्या भाड्यानं ठरलं.

हे सगळं करताना इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या कप्प्यांची गोष्ट आठवायची. जहाजांवरच्या लाकडी कप्प्या बनवायला मार्क ब्रुनेलनं आराखडे केले, हेन्री मॉडस्लीनं ४५ मशीनं बनवली, आणि १८०८ मध्ये तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या निघत होत्या. ११० कारागिरांचं काम दहा अकुशल माणसं करत होती. मी कारागीर होते, पण सोंगट्यांच्या बाबतीत त्या दहांतलीच एक व्हायचं होतं. ते जरा खुपलं, नाही म्हणत नाही.

सोंगटीचा पूर्ण आकार एकाच टूलमध्ये उलटा घासून घेतला की त्याला फॉर्म टूल म्हणायचं. हायस्पीड स्टीलच्या तुकड्यावर मी ते स्वतः घासलं, चार दिवस लागले. १३ मार्चला पहिले ५०० काढले. आवाज असा, की काका चहा टाकून धावत आले.

पाचशेपैकी १५५ नापास. एकतीस टक्के. मी एका फळीवर चार रकाने आखून खुणा केल्या होत्या: डोक्याखाली किंवा मानेवर रेषे उपटलेले ७१, तळाला कुसळं ३८, उंची चुकलेली २४, मोडलेले २२. हा तक्ता केला नसता तर मी सगळा दोष लाकडाला देऊन मोकळी झाले असते.

मानेचं कारण वेगात होतं. स्पिंडल मिनिटाला २,८०० फेरे घेत होता. १६ मिलिमीटरच्या तळापाशी पृष्ठभागाचा वेग सेकंदाला २.३ मीटर, पण ७ मिलिमीटरच्या मानेपाशी फक्त १ मीटर. लाकडाला हे दोन्ही कमीच, आणि मानेला तर फारच कमी. वेग कमी असला की कापण्याचा भार पूर्णपणे धारेवर येतो. आणि माझं टूल सगळ्या रुंदीनं एकदम सपाट येऊन टेकत होतं, म्हणजे कापण्याऐवजी खरवडत होतं.

"अगं, तू त्याला ढकलतेयस," काका म्हणाले. "विळीवर भाजी कशी चिरतेस? एका टोकानं सुरू करतेस ना?"

टूल तिरकं बसवलं. आता धार आधी डोक्यापाशी लागायची, मग सरकत सरकत मानेशी आणि शेवटी तळाशी. आवाज घरघरीवरून सळसळीवर आला. तिरकं बसवल्यानं आकार थोडा बदलतो, म्हणून टूल पुन्हा घासावं लागलं. आणखी दोन दिवस. दुसरं म्हणजे धार. फॉर्म टूलला धार लावताना फक्त वरची सपाट बाजू घासायची. आकाराच्या कडेला पुढून हात लावला की सोंगटीचा आकार गेला. हे मला माहीत होतं, तरी एकदा घाईत हात गेलाच. त्या दिवशीच्या सोंगट्यांची हनुवटी जरा पुढे आहे.

तळाच्या कुसळांवर उपाय निघाला तोडणाऱ्या टूलमध्ये. त्याचं टोक सरळ असेल तर सोंगटी सुटण्याच्या क्षणी मध्यभागी एक देठ राहतो आणि त्याच्याभोवती रेषे उपटतात. टोक थोडं तिरकं घासलं की देठ काठीच्या बाजूला राहतो. त्यातच तळ मध्यभागी किंचित खोलगट होऊ दिला, केसभर. त्यामुळे सोंगटी कडेवर उभी राहते आणि डुलत नाही. ड्रॉइंगमध्ये हे नव्हतं. विचारून घेतलं, तीन दिवसांनी होकार आला.

१८ मार्चपासून खरं उत्पादन सुरू झालं. दर अडीचशे नगांना धार, मग ते बोथट वाटो न वाटो. बोथट वाटेपर्यंत थांबलं तर आधीचे पन्नास नग गेलेले असतात. स्टीलहून कठीण अशा कार्बाइडचं टूल बाहेरून घासून मागवलं होतं, ते १९ दिवसांनी म्हणजे ३ एप्रिलला आलं, तोवर तीन चतुर्थांश काम उरकलं होतं. ते पुष्कळ टिकलं, पण त्याची पहिली धार स्टीलइतकी तलम नव्हती. दोन्हींच्या सोंगट्या वेगळ्या ओळखू येतात, निदान मला.

घड्याळ लावून पाहिलं तर एका नगाला १४ सेकंद. म्हणजे तासाला २५७? छे. दिवसभरात सात तास मशीनपाशी उभं राहून ११०० च्या आसपास निघायचे, म्हणजे नगामागे २३ सेकंद. मधले ९ सेकंद काठी बदलणं, धार, ढलप्या काढणं, माप तपासणं आणि खांदा चोळणं यांत जातात. कोणाला मुदत सांगायची असेल तर १४ वरून सांगू नका. माप तपासायला व्हर्नियर बाजूला ठेवून एका पत्र्याला दोन खाचा करून घेतल्या, एक १६.३ ची, एक १५.७ ची. पहिल्या खाचेत सोंगटी शिरली पाहिजे, दुसरीत शिरता कामा नये. दर वीस नगांना एक. डोळे वाचतात.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, पण वगळू नका. फिरत्या कामाजवळ हातमोजे नकोत, ओढणी नको, लांब बाह्या नकोत. ढलप्या ब्रशनं काढायच्या, बोटांनी नाही. आणि लाकडाची धूळ. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली आहे. एखादी वाटी कातणाऱ्याला हे दूरचं वाटतं, पण अकरा दिवस सात-सात तास तीच हवा घेणाऱ्याला नाही. धूळ ओढणारं मशीन आणि चांगला मास्क, दोन्ही.

चौथ्या दिवसापासून मन कुठल्याकुठे जायचं. मी गाणी म्हणायचे, मग पाढे, मग नुसते आकडे. गंमत म्हणजे मन भरकटलं की चुका वाढल्या नाहीत. वाढल्या त्या मी "आता जरा वेग वाढवू" असं ठरवल्यावर.

६ एप्रिलला कातकाम संपलं. उरलेल्या ११,४०० पैकी साधारण सहा टक्के गेले. पहिल्या पाचशेतल्या पास झालेल्या ३४५ धरून हाती ११,०६१ चांगल्या सोंगट्या. मी मिठाई वाटायच्या बेतात होते.

घासण्यासाठी अष्टकोनी लाकडी बॅरल केलं होतं. ते अर्धं भरायचं, आत पॉलिश पेपरचे तुकडे टाकायचे आणि मिनिटाला २४ फेऱ्यांनी फिरवायचं. सोंगट्या एकमेकींवर घसरत घासल्या जातात. तीन तासांत कुसळं जातात आणि कडा जाग्यावर राहतात, हे मी छोट्या घाण्यांवर पाहून घेतलं होतं. ९ तारखेच्या रात्री टायमर लावायला विसरले. सकाळी उघडलं तेव्हा बॅरल नऊ तास फिरलेलं होतं. आतल्या सोंगट्या गुळगुळीत, सुंदर आणि निकामी. तळाची कड विरघळलेली, डोकी लहान झालेली, कित्येक माना तुटलेल्या. ६४० नग. मी तिथेच जमिनीवर बसले. उरल्या १०,४२१. ती १९ टक्क्यांची चैन आता चैन राहिली नव्हती. तेव्हापासून टायमर बॅरलच्या स्विचलाच जोडला आहे, आठवणीला नाही.

मग रंग. पाण्यात विरघळणारा रंग लावला की लाकडाचे रेषे उभे राहतात, म्हणून आधी सोंगट्या नुसत्या ओलसर करून वाळवल्या, अर्धा तास बॅरलमध्ये फिरवल्या आणि मगच रंग दिला. हा क्रम उलटा केला तर रंग जातो आणि बॅरलही रंगतं.

पण त्याआधी कागद. खेळाच्या वस्तूतून जड मूलद्रव्यं किती बाहेर झिरपतात याचा अहवाल आयएसओ ८१२४-३ या खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकाप्रमाणे हवा होता: अँटिमनी, आर्सेनिक, बेरियम, कॅडमियम, क्रोमियम, शिसं, पारा, सेलेनियम. प्रत्येक रंग वेगळा नमुना, प्रत्येकाचं शुल्क वेगळं. १२ एप्रिलला पाठवलेलं पाकीट पाच दिवसांनी परत आलं. फॉर्मवर लाकडाचं शास्त्रीय नाव नव्हतं आणि नमुन्यांची संख्या अपुरी होती. फोनवर मात्र "दोन-दोन पाठवा, चालेल" असं सांगितलं गेलं होतं. फोनवरचं काहीही नंतर ईमेलनं लिहून मागा, एवढंच म्हणते. १८ तारखेला प्रत्येक रंगाच्या १५, अशा ६० सोंगट्या "फॅगस सिल्व्हॅटिका" असं ठळक लिहून पाठवल्या. अहवाल ६ मेला आला, चारही रंग पास. अठरा दिवस मी पूर्ण रिकामी बसून होते. हेच अठरा दिवस फेब्रुवारीत लाकूड सुकताना फुकट मिळाले असते. अहवाल ज्या रंगाच्या डब्याचा, त्याच बॅचचा सगळा रंग आधी घेऊन ठेवा, हेही तिथेच शिकले.

आणखी एक कागद होता: वस्तू किती वर्षांच्या मुलांसाठी आहे. वस्तू लहान मुलाच्या घशात जाईल का हे बघायला ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक ठरलेलं नळकांडं असतं. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. माझी सोंगटी त्यात मावून वर जागा उरते. त्यामुळे खोक्यावर तशी सूचना छापणं आलं. ते काम त्यांचं, पण विचारणा आमच्याकडेही झाली.

८ ते १४ मे रंग आणि मेण. १९ मेला तपासनीस आले. नमुने काढून तपासणी करण्याच्या आयएसओ २८५९-१ या मानकातल्या तक्त्यानुसार दहा हजारांच्या लॉटमधून २०० नग काढायचे. आमच्या करारात किरकोळ दोषांना एक्यूएल (चालवून घ्यायच्या दोषांची मर्यादा) २.५ होता, म्हणजे दोनशेत दहापर्यंत सदोष चालतात, अकरावा निघाला की लॉट परत. त्यांना तेरा मिळाले. तेरापैकी नऊ हिरवे. हिरव्या घाण्याला मी मेण देताना घाई केली होती, तळाशी पांढरट डाग राहिले होते. हिरवा लॉट वेगळा मांडला असता तर बाकीचे तीन रंग तेव्हाच सुटले असते. चार रंगांचे चार लॉट करून घ्यायला हवे होते, पण करारावर सही करताना हे सुचलं नाही.

२० ते २२ मे मी आणि माझी बहीण, दोघींनी मिळून १०,०८० सोंगट्या एकेक करून पाहिल्या. २१२ काढल्या. त्यांच्या जागी राखीव २८१ मधून भरल्या. २६ तारखेला दुसरी तपासणी, चार सदोष, पास. तपासनीस सही करत होते तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

१०,०८० चा हिशेब असा: २५० च्या ४० पिशव्या, प्रत्येकीत दोन जादा. मोजणी वजनावर करावी असं आधी वाटलं होतं. शंभर सोंगट्या दहा वेळा तोलून बघितल्या तर १८४ पासून १९९ ग्रॅमपर्यंत काहीही भरत होत्या. लाकूड स्क्रूसारखं नसतं, एकाच फळीच्या दोन टोकांची घनता वेगळी असते. शेवटी शंभर भोकांची पाटी केली. सोंगट्या ओतायच्या, हलवायच्या, सगळी भोकं भरली की शंभर. दोघींनी चार तासांत सगळं मोजलं.

२८ मेला शेवटचा अडथळा. उरलेल्या फळ्यांचं एक दणकट खोकं मी हौसेनं बनवलं होतं. माल सीमेपार जाणार होता, आणि कच्च्या लाकडाच्या पॅकिंगला आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का लागतो: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं हवं, तेही मान्यताप्राप्त ठिकाणी. आतल्या सोंगट्यांना हा नियम नाही, बाहेरच्या खोक्याला आहे. खोकं घरी राहिलं, आता त्यात बटाटे असतात. माल पुठ्ठ्यात गेला.

खर्चाचा हिशेब मिळालेल्या एकूण रकमेच्या हिश्श्यांत सांगते. लाकूड १४ टक्के, टूल ११, मशीनचं भाडं आणि वीज १८, चाचण्या १६, पॅकिंग आणि वाहतूक ९. उरलेले ३२ टक्के माझे, वीस आठवड्यांचे. त्यातून बहिणीच्या तीन दिवसांचे वजा. मूळ कोटेशनमध्ये चाचण्यांसाठी मी ५ टक्के धरले होते आणि स्वतःच्या खांद्यासाठी काहीच नाही. उरलेली रक्कम ४५ दिवसांनी आली, करारात लिहिल्याप्रमाणे, एक दिवस आधी नाही.

आता ६९ सोंगट्या उरल्या आहेत, बिस्किटांच्या डब्यात. हिशेब जुळतो, मी दोनदा केला. त्यांखेरीज डब्यात जानेवारीत हातानं कातलेलीही एक आहे, नमुना म्हणून परत आलेली. आज सकाळी मशीनवरची एक सहज मोजली. एका बाजूनं १५.९, दुसऱ्या बाजूनं १५.७५.